खंडेरावांनी नंबर हलवले

खंडेराव साबळ्यांच्या घरी गेलात तर चपला जरा जपून काढा. वाकड्या काढल्यात तर तुम्ही सोफ्यावर टेकेपर्यंत त्या सरळ झालेल्या असतात, आणि मापानं लागलेल्या असतात. लहान डावीकडं, मोठ्या उजवीकडं. निघताना पाहुण्यांची जी शोधाशोध होते ती त्यामुळं.

मूळचे कोरेगावाकडचे. नोकरी दिल्लीत, एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत. आता द्वारकेच्या सोसायटीत निवृत्त. उभा जन्म इकडं गेला तरी बोलणं साताऱ्याचंच राहिलं, इतकं की त्यांची हिंदीसुद्धा साताऱ्याची. "भैया, जरा हिकडून लो की," असं ते ऑटोवाल्याला सांगतात, आणि भैया बिचारा घेतोही.

एकदा त्यांच्या बायको गिरिजाकाकू बहिणीकडं राहायला गेल्या होत्या. तेवढ्यात खंडेरावांनी स्वैपाकघरातले सगळे डबे वर्णानुक्रमानं लावून ठेवले. ओवा, खसखस, जिरं, तीळ करत करत हळदीपर्यंत. काकू परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्धवट झोपेत, जिथं साखर असायची तिथं हात घातला. हाताला लागलं मीठ.

चहाचा पहिला घोट खंडेरावांनी घेतला आणि कप परत बशीत ठेवला.

"अहो, माझा हात सवयीनं जातो. त्याला डोळे नाहीत," काकू म्हणाल्या.

"पण आता सगळं क्रमानं हाय. कुणालाही सापडंल."

"मग कुणीही करा चहा."

पुढं कितीतरी दिवस खंडेराव स्वतःच चहा करत होते. या प्रसंगातून ते काय शिकले म्हणाल तर चहा करायला शिकले.

आता त्यांच्या खऱ्या नादाबद्दल. त्यांच्या संस्थेत जुन्या काळी काही कॉम्प्युटर आले होते. कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार, जोडायचे टीव्हीला, आणि प्रोग्राम पाजायचा तो टेपरेकॉर्डरवरून, कॅसेट लावून. भाषा बेसिक. संस्थेनं ती यंत्रं भंगारात काढली तेव्हा एक खंडेरावांनी उचललं आणि दुसरं शेजारच्या टेबलावरच्या राजाभाऊ काळमेघांनी. राजाभाऊ नागपूरचे. दोघांचं टेबल शेजारी, डबा एकत्र आणि भांडण रोजचं.

त्या यंत्रासाठी खंडेरावांनी एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हटल्यावर पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढं आणू नका. ही आयती करून ठेवलेली कामं. पडद्यावर देवनागरी आकडा काढायचा, हॉलच्या शेवटच्या खुर्चीवरून दिसेल एवढा. चिठ्ठ्या ढवळाव्यात तसे आकडे ढवळायचे. कुणी जिंकलं की सनईच्या जवळपास जाणारा आवाज काढायचा. ज्याला हवं त्यानं आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यावं. गिरिजाकाकूंचा गोडा मसाला नाही का मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत जातो, तसंच. फरक इतकाच की मसाल्याला गिऱ्हाइकं आहेत.

खंडेरावांच्या लायब्ररीला गिऱ्हाईक एकच, राजाभाऊ. तसा मोबाईलवर 'बेसिकचे बाप' नावाचा ग्रुप आहे, त्यात अशी जुनी यंत्रं बाळगणारी बरीच मंडळी आहेत, पण ती सकाळी फुलं टाकतात, संध्याकाळी श्लोक टाकतात आणि कॉम्प्युटर माळ्यावर ठेवतात. राजाभाऊ मात्र लायब्ररी वापरतात. वर्षातून एकदा, गणपतीत, गाझियाबादेतल्या वैशालीच्या मराठी मंडळाच्या हाउजीला, म्हणजे तंबोल्याला.

ही हाउजी म्हणजे राजाभाऊंचा मानाचा दिवस. मोदकी रंगाचा कुर्ता घालून ते त्या यंत्रापुढं बसतात, एक बटण दाबतात, टीव्हीवर भला मोठा आकडा उमटतो आणि राजाभाऊ नागपुरी ढंगात पुकारतात, "बावीसऽऽ! दोन बदकं पाण्यात, काळमेघ आपल्या गाण्यात!" गाझियाबादेत वाढलेली, इंग्रजी शाळेत जाणारी मराठी पोरं त्या दिवशी 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतला फरक शिकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

यंदा मात्र मंडळाची सेक्रेटरी देविका होती. गुडगावात मोठ्या पगारावर काम करणारी, दिल्लीतच जन्मलेली, कामाला वाघीण. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "राजाभाऊ काका, प्लीज बुरा मत मानना, पण मागच्या वर्षी तुमचा तो डब्बा चालू व्हायलाच किती टाइम लागला. यंदा स्मूथली झालं तर ठीक. नाहीतर नेक्स्ट इयर मोबाईल ॲप. बिल्कुल फायनल."

राजाभाऊ रात्री खंडेरावांना फोन करून म्हणाले, "खंड्या, पोरगी मले रिटायर करून राहिली बे. दुसऱ्यांदा."

"काळजी करू नगंस," खंडेराव म्हणाले. "मी लायब्ररी नवी करतोय. अशी झ्याक चालंल की पोरगी बघत ऱ्हाईल."

नवी करतोय म्हणजे काय करत होते ते थोडक्यात सांगतो. या जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर असतो आणि कामाला हाक मारायची ती त्या नंबरानं. राजाभाऊंना मोठा आकडा काढायचा असला की ते नऊ हजार दोनशेला हाक मारत, पुकाऱ्याच्या घंटेसाठी नऊ हजार दोनशे सातला, आणि फुल हाऊसच्या सनईला नऊ हजार आठशे पन्नासला. हे नंबर असे वेडेवाकडे का, तर खंडेरावांना जसजसं सुचलं तसतशी ती कामं मध्येमध्ये घुसवलेली. जुन्या कॉलनीत बारा नंबरनंतर बारा-अ आणि मग एकदम सव्वीस असावं, तसं.

हे नंबर खंडेरावांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं सलत होते. आता निमित्त मिळालं. चित्र काढायचं काम नऊ हजारला होतं, ते तिथंच राहिलं. पुढचं नऊ हजार शंभर, मग दोनशे, मग तीनशे, चारशे. सरळ, मापात, लहान डावीकडं मोठी उजवीकडं.

मग त्यांनी ग्रुपवर लांबलचक निवेदन टाकलं. 'सदस्यांस विनंती की, नवीन आवृत्तीत कामांचे क्रमांक बदलले असून आपापल्या प्रोग्राममध्ये त्यानुसार दुरुस्ती करावी,' वगैरे. खाली कोष्टक. दोनच मिनिटांत राजाभाऊंचा अंगठा आला.

"बघ," खंडेराव काकूंना म्हणाले. "राजाभाऊनं मान्य केलं."

"त्यांनी परवा आपल्या व्याह्यांच्या निधनालासुद्धा अंगठा दिला होता," काकू म्हणाल्या. पण खंडेरावांचं लक्ष नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि ती फक्त खंडेरावच करू जाणे. जुन्या लायब्ररीच्या दोनच कॅसेट होत्या, एक राजाभाऊंकडं, एक यांच्याकडं. "दे, नवीन भरून देतो," म्हणून राजाभाऊंची त्यांनी आधीच मागून आणली होती. दोन्हींवर नवं भरलं, जुनं पुसलं. घरात दोन आवृत्त्या असल्या म्हणजे घोळ होतो, असं त्यांचं मत.

हाउजीच्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको निघाले. द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन पकडली की दिल्ली आडवी कापून ती थेट वैशालीला नेऊन सोडते. स्टेशनवर तपासणीपाशी खंडेरावांनी पिशवी यंत्रात सरकवली, पण कॅसेट हातात धरून ठेवली. एक्स-रेनं कॅसेट पुसते असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण पुसत नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

"ताऊ, यो भी डालो," हरयाणवी जवान म्हणाला.

"ये नहीं डालेगा. ये कैसेट है."

"किसके गाणे सैं?"

"गाना नहीं है. प्रोग्राम है."

"अच्छा, किसका प्रोग्राम?"

"हमारा."

जवानानं कॅसेट उलटसुलट केली. "बजाओगे तो के आवाज आवैगी?"

खंडेरावांनी त्याला आवाज करून दाखवला. आधी लांब शिट्टी, मग किर्र किर्र, मग पुन्हा शिट्टी. मागची रांग पुढं बघायला लागली. काकू दहा पावलं पुढं जाऊन एका जाहिरातीचं वाचन करायला लागल्या, जशा काही त्या एकट्याच निघाल्या होत्या. जवानानं हसू दाबलं आणि कॅसेट परत दिली. "जाओ ताऊ, घणा सुथरा गाया."

वैशालीच्या हॉलमध्ये राजाभाऊ यंत्र मांडून तयारच होते. आधी त्यांच्या कॅसेटवरचा हाउजीचा प्रोग्राम चढवला, मग खंडेरावांच्या कॅसेटवरून लायब्ररी जोडली. चालवून बघितलं. टीव्हीवर गणपतीचं चित्र उमटलं, मुगुटासकट, सोंडेसकट.

"वा रे पठ्ठ्या," राजाभाऊ म्हणाले.

"पुढचं बघायचं का?" खंडेरावांनी विचारलं.

"गणपती आला म्हणजे सगळं आलं. चल, चहा मारू." चित्राच्या कामाचा नंबर तेवढा बदललेला नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आलं असतं तर चहा राहिला असता.

संध्याकाळी हॉल भरला. बाहेर धवलनं साबुदाणा वड्यांची कढई लावली होती. हा धवल म्हणजे देविकाचा नवरा, गुजराती, पण साबुदाणा वडा मराठी माणसांपेक्षा बरा करतो. तिकिटं वाटून झाली. राजाभाऊंनी कुर्ता सारखा केला, गणपतीला हात जोडले आणि पहिल्या आकड्याचं बटण दाबलं.

टीव्ही लाल-पिवळा व्हायला लागला. सनई वाजली. मधोमध मोठ्या अक्षरांत आलं, 'अभिनंदन! फुल हाऊस!'

मग मधल्या रांगेतून लतिकाकाकू उठल्या. मेरठ रोडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, हातात तिकीट, चालीत हक्क.

"माझं झालं," त्या म्हणाल्या.

"काकू, अजून एकही नंबर नाही आला!" देविका म्हणाली.

"ते मला नको सांगू. पडद्यावर लिहून आलंय. लिहिलेलं मान्य करायचं, मी जन्मभर हेच शिकवलं."

राजाभाऊंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा सनई, पुन्हा अभिनंदन. आता मागून आणखी चौघं उठले. पोरं खुर्च्यांवर चढून 'फुल हाऊस, फुल हाऊस' ओरडायला लागली. राजाभाऊंनी तिसऱ्यांदा दाबलं आणि मग सावकाश मान वळवून खंडेरावांकडं बघितलं.

"खंड्या. काय करून ठेवलं बे?"

खंडेरावांना तोवर उमगलं होतं. "नऊ हजार दोनशेला आता सनई हाय," ते हळू म्हणाले. "आकडा चारशेला गेला. मी कळवलं हुतं. तू अंगठा दिला हुतास."

"अंगठा म्हणजे पोचलं! वाचलं असं कोणी म्हटलं तुले?"

"मग प्रोग्रामात नंबर बदलू. दाखव, कुठं कुठं हाक मारलीयस."

"मले काय माहीत? आठवंल तिथं मारली हाय."

आणि ते खरं होतं. राजाभाऊंचा प्रोग्राम म्हणजे चांदणी चौकातल्या विजेच्या तारा. कुठून निघाली आणि कुणाच्या घरात गेली हे तारेलाच ठाऊक.

"जुनी कॅसेट लाव ना मग!"

खंडेराव खाली बघायला लागले. "पुसली."

"माही?"

"दोन्ही."

राजाभाऊंनी शिवी दिली असती तर खंडेरावांना बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांच्या भांडणांत हा माणूस कधी असा गप्प झाला नव्हता. त्यानं फक्त कुर्त्याची बाही नीट केली आणि यंत्रापासून खुर्ची थोडी मागं घेतली, जसा माणूस टेबल रिकामं करून देताना घेतो.

देविकानं मोबाईल काढला होता. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता हे सांगायला हवं. "काका, मी ॲप लावते. लोक थांबलेत."

"दे की जरा येळ," खंडेराव म्हणाले. त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, देविकानं मोबाईल खाली घेतला.

"किती?"

खंडेराव मनातल्या मनात नंबर मोजायला लागले. देविकानं दाराबाहेर बघितलं. "चलो, ब्रेक! सगळ्यांनी वडे घ्या. वडे संपेपर्यंत तुमचा टाइम, काका. वडे खतम, डब्बा खतम."

गर्दी कढईकडं वळली. गिरिजाकाकूही वळल्या. पदर खोचून त्या धवलच्या शेजारी उभ्या राहिल्या, "सरक रे जरा, मी बघते," म्हणाल्या आणि गॅस बारीक केला. इतका बारीक की तेल विचारात पडलं.

"आंटी, ऐसे तो एक घाणा निकलने में आधा घंटा लगेगा," धवल म्हणाला.

"साबुदाणा आहे बाळ. मंद आचेवरच आतून शिजतो." हे खोटं होतं, हे त्यांना आणि धवललाही माहीत होतं.

आत खंडेराव यंत्रापुढं बसले. राजाभाऊंच्या तारा सोडवायला वेळ नव्हता. एकच मार्ग होता, सगळ्या जुन्या नंबरांवर पाट्या लावायच्या. नऊ हजार दोनशेवर बसवलेली सनई उचलून दुसरीकडं न्यायची, तिथं एक ओळ टाकायची, की आकडा हवा असेल तर चारशेला जा. असं प्रत्येकाचं. म्हणजे जे वेडेवाकडे नंबर काढायला त्यांनी एवढा खटाटोप केला, ते स्वतःच्या हातानं एकेक परत बसवायचे, सगळ्या मंडळासमोर.

आणि त्यांना ते आठवेनात. क्रमानं नव्हतेच, तर आठवणार कसे?

"घंटा कुठं हुती रं?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

मागून राजाभाऊंचा आवाज आला, "दोनशे सात."

"सनई?"

"आठशे पन्नास."

"आकडे ढवळायचं?"

"त्रेसष्ट. नऊ हजार त्रेसष्ट. ते तू सरला वहिनीच्या बारशाच्या दिवशी घुसवलं होतं. बर्फी खाता खाता. म्हणून लक्षात हाय."

"वहिनीच्या न्हवं, तिच्या पोरीच्या बारशाला."

"तेच ते. टाईप कर गुमान."

खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज आला. राजाभाऊ सांगत गेले, खंडेराव टाईप करत गेले. नंबर खंडेरावांच्या लायब्ररीतले होते, पण राहत होते राजाभाऊंच्या डोक्यात, प्रत्येकाला एकेक बारसं, एकेक भांडण, एखादा संप चिकटलेला. देविका मागं येऊन उभी राहिली.

"काका, हे करताय काय एक्झॅक्टली?"

"बिऱ्हाड हललं की जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावत्यात. तसं."

"बिऱ्हाड म्हणजे?"

दोघंही म्हातारे थांबले, एकमेकांकडं बघितलं.

"तुह्या बापाले विचार," राजाभाऊ म्हणाले. "आता टाइम नाही."

बाहेर लतिकाकाकू कढईपाशी ठाण मांडून होत्या. "गिरिजाताई, हा वडा केव्हाचा तळतोय?"

"खुसखुशीत करतेय."

"माझं बक्षीस द्यायचं टाळताय सगळे, कळतं मला."

शेवटचा घाणा निघाला तेव्हा आत खंडेरावांनी शेवटची ओळ टाकली आणि हात मांडीवर ठेवले. हॉल पुन्हा भरला. राजाभाऊंनी या वेळी गणपतीला दोनदा हात जोडले. बटण दाबलं.

टीव्हीवर भला मोठा आकडा आला.

"सत्तेचाळीसऽऽ!" राजाभाऊंचा आवाज जरा फुटला, मग सावरला. "देश झाला स्वतंत्र, खंड्याचं चाललं यंत्र!"

हाउजी शेवटपर्यंत चालली. फुल हाऊस एका लहान मुलीला, अवनीला, लागलं आणि सनई तिच्यासाठी वाजली. लतिकाकाकूंनाही बक्षीस द्यावंच लागलं, 'प्रथम दावा' असं नाव देऊन, स्टीलचा डबा. त्याखेरीज त्या जागेवरून हलल्या नसत्या.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक झाली. देविकानं ठराव मांडला. पुढच्या वर्षीही हाउजी राजाभाऊ काकांच्याच कॉम्प्युटरवर होईल, मात्र कार्यक्रमाच्या आधी महिनाभर खंडेराव काकांनी कोणत्याही यंत्रात, प्रोग्राममध्ये अथवा कॅसेटमध्ये सुधारणा करू नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. सर्वांत आधी हात वर झाला तो गिरिजाकाकूंचा.

"त्यात माझे डबे पण घाला," त्या म्हणाल्या.

खंडेराव आता आणखी एक आवृत्ती करतायत. जुने नंबर जिथल्या तिथं, नवे त्यांच्या शेजारी. जुनी कॅसेट न पुसता. दोन आवृत्त्या एका घरात नांदतायत आणि त्यांना झोप लागते, हे काकूंनी स्वतः पाहिलंय. ग्रुपवर निवेदन टाकलं तेव्हा राजाभाऊंचा अंगठा आला. खंडेरावांनी लगेच फोन लावला.

"वाचलंस का?"

"वाचलं."

"काय लिहिलंय सांग."

"तू काय हेडमास्तर हायेस का बे?" मग फोनवर चष्मा शोधल्याचा आवाज, आणि राजाभाऊंनी सगळं निवेदन पहिल्यापासून वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक राहिलं. पहिला नंबर दाबला की खोटं फुल हाऊस आलं पाह्यजे. एकदाच. लोकं विचारून राहिले. लतिकाबाईनं तर आतापासूनच पहिल्या रांगेची खुर्ची सांगून ठेवली."

"ती चूक हुती रे."

"मले ती पाह्यजे."

खंडेरावांनी सुस्कारा सोडला. "बरं. नऊ हजार पाचशे रिकामा हाय, तिथं घालतो."

"पाचशे माह्या ध्यानात नाही राहत. दोनशे तेरा कर."

"तेरा कुठला? कशात बसत नाही ते."

"त्या दिवशी पुकारलेला शेवटचा आकडा तेरा होता."

खंडेरावांनी स्वैपाकघराकडं बघितलं. गिरिजाकाकू साखरेच्या डब्याकडं न बघता हात घालून चहा करत होत्या. मग खंडेरावांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि टाईप केलं, नऊ दोन एक तीन.